हुजूरस्वारीच्या गाडीचा गारवा हरपला, त्याची हकीकत

श्रीगणेशास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्याचे येणेजाणे कोणाचेच हुकमात नाही त्या वाऱ्यास हात जोडून नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, वैशाखमास, ते समयी राज्यात जे वर्तले ते जैसे देखिले, ऐकिले, तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. ज्या मुलखास गोष्ट लागू पडेल तो मुलूख समजावा.

महाराजांचे पदरी एक मोटारगाडी होती, थोरले महाराज हयात असता खरीदलेली, रंगे पांढरी, अंगे भक्कम, वये पोक्त. तीत एसी म्हणोन थंडाव्याचे यंत्र. त्या यंत्राची तऱ्हा ऐसी जाहली की कधी माघातील पहाटेचा गारठा सोडावा, आणि कधी अर्ध्या वाटेत रुसोन लोहाराचे भट्टीचा वारा फेकावा, आणि पुन्हा मनास येईल तेव्हा गार व्हावे. दरबारची मंडळी मनात म्हणत की गाडीने धन्याचा स्वभाव उचलिला, परंतु मुखाने म्हणत, "यंदा हवाच तापट आहे."

ऐसीयास आऊसाहेब, महाराजांच्या मातोश्री, वय ऐंशीचे पलीकडे, दृष्टी शाबूत, जिव्हा धारेची, परंतु उष्मा सोसेना. त्यांचे माहेर पळसगाव, डोंगर उतरोन पलीकडे नदीकाठी, आणि तेथे त्यांची थोरली बहीण अक्का अंथरुणास खिळलेली. अक्कांचा सांगावा आला, "डोळे मिटायच्या आत तोंड दाखवून जा." आऊसाहेबांनी तेच दिवशी लुगड्यांचे गाठोडे बांधिले आणि स्वारी निघाली, आणि खिंडीचे अलीकडेच यंत्राने दगा दिला, आणि आऊसाहेबांस घेरी आली, मग कांदा फोडोन हुंगविला, तोंडावर पाणी मारिले, आणि गाडी मागे फिरविली. वैद्यांनी निक्षून सांगितले की गाडी गार राहील तरच जाणे, नाही तर वाटेतच बरेवाईट होईल. तेव्हापासोन आऊसाहेब खिडकीशी बसोन आपले मनाशी म्हणत:

माहेराच्या वाटे ऊन पोळीते पायाला
बहिणीचा सांगावा धरी सावली डोईला

आणि खालचे अंगणात गाडी उभी, ऊन खात, जणू तिचे कोणाकडे काही मागणे नाही.

मग महाराजांची आज्ञा जाहली की एसी दुरुस्त करावा, आणि ती कामगिरी कारभारी विसाजीपंतांकडे आली. पंत मोठे मुरब्बी. हयातीत वरच्यास नाही म्हटले नाही आणि खालच्यास हो म्हटले नाही. त्यांनी लतीफ मिस्त्रीस पाचारण केले. मिस्त्रीने नळ्या लाविल्या, काटे पाहिले आणि म्हणाला, "पंत, गॅस बरोब्बर आहे." पंत म्हणाले, "तरी आणखी भर. हुजुरांच्या गाडीत काटकसर दिसता कामा नये." मिस्त्रीने कपाळास हात लाविला आणि भरिला, तो यंत्र अधिकच कण्हू लागले, मग भरलेला काढिला. मग पट्टा बदलला, मग पंखा बदलला, मग गाडीची शांत केली आणि बॉनेटवर अक्षता टाकिल्या. गुण येईना. तेव्हा पंतांनी उपाय काढिला की गाडीत 'उकडते' हा शब्द कोणी उच्चारू नये, 'हवा मोकळी आहे' ऐसे म्हणावे. यास मात्र लागलाच गुण आला आणि तक्रारी थांबल्या.

येथे दरबारचा एक दस्तूर सांगणे अवश्य. राजघराण्याचे माणूस गाडीत बसले म्हणजे गाडीचे नाकावर, पुढले जाळीवर, पितळेची राजमुद्रा चढवावी, परातीएवढी, आणि तिजभोवती झेंडूचा हार, दंडाएवढा जाड, आणि बाजूस निशाण. माणूस उतरताच चालक तुळाजीने मुद्रा काढावी, पुसावी आणि तांबड्या वस्त्रात गुंडाळावी, कारण रिकामे गाडीवर मुद्रा मिरविणे हा घराण्याचा अपमान. आणि दुसरा दस्तूर ऐसा की मिस्त्रीने हुजुरांचे समवेत गाडीत बसू नये. त्यामुळे जो यंत्र जाणे त्यास रोग दिसेना, आणि ज्यांस रोग दिसे ते यंत्र जाणेनात, आणि दोहोंचे मध्ये पंत.

मिस्त्री म्हणे, "मी पेठेतून फिरवून आणली. दात वाजले माझे."

पंत म्हणाले, "म्हणजे हुजूर खोटं बोलतात?"

"तोबा! हुजूर खरंच बोलतात. गाडीच लबाड आहे."

तुळाजी मध्येच बोलिला, "पंत, ही माणूस बघून वागती. मोठं माणूस बसलं की हिचं अंग तापतंय."

"तू गप रे! गाडीला काय मत असतं?" पंत कडाडले. तुळाजी बोलला ते खोटे नव्हते, फक्त त्याचे कारण त्यासही ठाऊक नव्हते.

पुढे एके सकाळी गाडी मिस्त्रीचे गॅरेजात पुन्हा निघाली, तो आऊसाहेब मागील दाराने आल्या आणि आत बसल्या. तुळाजी म्हणाला, "आऊसाहेब, मुद्रा चढवायची राहिली. धावत जाऊन आणतो."

"ताट आणायला गेलास तर कान उपटीन. मिस्त्रीला मी स्वतः विचारणार आहे. चल."

आणि गाडी निघाली, आणि वाटेत ऐसा गारवा की आऊसाहेबांनी पदर कानावर घेतला, मग पाय पोटाशी घेतले, आणि गॅरेज आले तरी गारवा हटला नाही. तेथे जुन्या टायरावर बैठक मांडोन त्यांनी पंतांस बोलाविणे धाडिले, आणि मुद्रा, निशाण, हार, सारे घेऊन या ऐसे सांगितले. पंत धापा टाकीत आले.

"पंत, आमटी बिघडली तर तुमच्या घरी काय करतात?"

"आचारी बदलतात, आऊसाहेब."

"म्हणून तुमच्याकडं जेवायला कोणी थांबत नाही. एकेक जिन्नस निराळा करून चाखायचा असतो. बसा आत."

पंत बसले. यंत्र गारच राहिले. "तुमच्यानं होत नाही म्हणायचं. नवल आहे," ऐसे बोलोन आऊसाहेबांनी निशाण लावविले. तरी गार. मग स्वतः पंतांशेजारी बसल्या, आणि राजघराण्याचे माणूस बसले म्हणोन तुळाजीने रीतसर मुद्रा चढविली, भोवती हार बांधिला. गाडी जागेवर चालू. आऊसाहेबांनी खलबत्ता काढिला आणि विडा कुटू लागल्या, आणि विडा कुटोन होतो तो वारा कोमट जाहला, मग ऊन, मग पंतांचे पागोट्याखालोन घामाची धार मानेवर आली.

"कसं वाटतंय, पंत?"

"हवा... मोकळी आहे, आऊसाहेब."

मुद्रा काढविली. थोडक्यात पुन्हा गारवा. पुन्हा चढविली, पुन्हा भट्टी. तेव्हा लतीफ मिस्त्री उडाला, "या अल्ला! अहो, आतली गरमी ही गाडी या पुढल्या जाळीतून बाहेर टाकते. तिथं वारा लागला पाहिजे, आणि तुम्ही तिथं परात बांधता! गरमी कोंडली की कॉम्प्रेसर जीव वाचवायला आपला आपण बंद पडतो. निवला की चालू. मला कोणी हे ताट दाखवलं तर ना!"

आऊसाहेब म्हणाल्या, "नाकावर उशी दाबायची आणि वर विचारायचं, दम का लागतो."

हे वर्तमान हुजूर गेले आणि खलबत बसले. रोग कळला म्हणजे उपाय सोपा, ऐसे रयतेचे घरी असते. दरबारी रोग कळल्यावरच खरी अडचण. पंत बोलिले, "राजमुद्रेमुळे उष्मा होतो हे बाहेर गेले तर मुलूख काय म्हणेल?" एकाने सुचविले, मुद्रा गाडीचे पाठीशी लावावी. "राजमुद्रेने धुरळा खावा?" दुसऱ्याने सुचविले, तीत छिद्रे पाडावी. मग छिद्रे सूर्याचे मुखी पाडावी की सिंहाचे पोटी, यावर दोन तट पडले आणि जेवणवेळ टळली. शेवटी महाराज बोलिले, "मुद्रा आमचे आजोबांची. ती उतरवून आम्ही फिरलो तर आमच्यात आणि भाड्याच्या गाडीत फरक काय?"

"भाड्याची गार असते," आऊसाहेब बोलिल्या.

कोणी हसले नाही. मग निर्णय ऐसा जाहला की मुद्रा आहे तेथेच राहावी, एसी बरा जाहला ऐसे समजावे, आणि समजूत पक्की राहावी म्हणोन गाडीत बसणाराने अंगावर शाल घ्यावी. सर्वांनी माना डोलविल्या.

आऊसाहेब उठल्या आणि महाराजांपुढे उभ्या राहिल्या. "तू मिरव मुद्रा, शाल घे, काही कर. मला बिनमुद्रेची गाडी दे. अक्का वाट बघते."

महाराजांचा जीव कळवळला, परंतु पंतांकडे पाहोन म्हणाले, "आई, आऊसाहेबांनी मुद्रेवाचून वेशीबाहेर जाऊ नये, हा घराण्याचा नेम आहे. पाऊस पडेपर्यंत कळ काढा."

"मी काढीन रे. अक्का काढेल का?"

तेव्हा आऊसाहेबांनी हातातील पाटल्या काढिल्या आणि लेकाचे पुढ्यात ठेविल्या, आणि सावकाश बोलिल्या, "मी या घरात आले तेव्हा ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या बापानं सोन्याच्या अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, महालक्ष्मीबाई. ती तुमची. तिला ठेवा इथंच, मुद्रा लावा, शाल पांघरा, काय हवं ते करा. त्याच्या आधी एक साळू होती. ती तुमच्या घराण्याची कोणी लागत नाही. ती माहेरी चालली."

पंतांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलविली, "साळू नामक स्त्रीस नेम लागू होत नाही, हुजूर." पंतांचे मुखी दयेचे शब्द आले ते इतकेच, आणि तेही कायद्याचे बोटास धरोन आले.

गाडी निघाली, उघड्या नाकाची. खिंड आली, खिंड गेली, उन्हाने दगड तडकत होते आणि आत गारवा. तुळाजी म्हणाला, "आऊसाहेब, खिडकी..."

"साळू म्हण."

"जीभ वळत न्हाई जी."

"मग गुमान गाडी चालव."

पळसगावी उंबऱ्याशी कोणी तुतारी फुंकिली नाही. अक्का निजलेल्या, दृष्टी गेलेली. साळू उशाशी बसली तेव्हा अक्कांनी हात उचलोन तिचे गाल चाचपिले, कपाळ चाचपिले, आणि हळूच म्हणाल्या, "आलीस गं साळू? एवढ्या उन्हातनं आलीस आणि अंग गार कसं तुझं?"

"एकटी आले, अक्का. बरोबर राज्य आणलं नाही."

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि उन्हे उतरेतो एकीचा हात दुसरीचे हाती होता.

ऐसी हकीकत जाहली. गाडी परत आल्यावर महाराज मुद्रा चढवोन बाजारपेठेचे उद्घाटनास गेले, शेजारी पंत, दोघांचे अंगावर लोकरी शाली, आणि लोकांनी काचेतोन पाहिले की दोघेही घामाने न्हाले आहेत आणि कुडकुडत आहेत. राज्य सुखरूप आहे. लिहिणाऱ्याचे कपाळीचा घाम कागदावर पडतो, सबब येथेच आवरले.