दगडोबाची शोकसभा

एका जंगलात, मुलांनो, मरण एक वेळ टळायचं, पण शोकसभा टळत नसे.

त्या जंगलातल्या तळ्याकाठी दगडोबा नावाचं कासव राहत असे. भर उन्हाळ्यात ते चिखलात शिरलं आणि गाढ झोपलं. बरेच दिवस दिसलं नाही, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, दगडोबा गेला.

दगडोबाला जाग आली ती भोंग्याच्या आवाजाने. वडाखाली सभा भरलेली. पाटीवर कोळशाने काढलेलं त्याचंच चित्र आणि त्यावर हार.

"अहो, मी जिवंत आहे!" दगडोबा म्हणाला.

"शूऽऽ!" शेवटच्या रांगेतली साळिंदरबाई फिस्कारली. "एक तर उशिरा यायचं, वर गडबड करायची! बसा खाली. फूल वाहिलंत का?"

बंद दुकानापुढे दोघं उभे दिसले, की तिसरा काही विचारत नाही, मुलांनो. मागे उभा राहतो. दगडोबाही रांगेत शिरला. त्याने स्वतःच्या चित्राला फूल वाहिलं, मान लववली आणि येऊन बसला.

भाषणं सुरू झाली. ज्यांनी त्याला जन्मात कधी 'या, बसा' म्हटलं नव्हतं, ते हुंदके देऊ लागले. दगडोबाही डोळे पुसू लागला. 'काय भला प्राणी होता हो!' त्याच्या मनात आलं.

मग अध्यक्ष रानडुक्कर उठले. "कैलासवासी दगडोबांचं तळ्याकाठचं बीळ त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ घोरपडबाईंना द्यावं, असा ठराव मांडतो. हात वर करा."

दगडोबाने चमकून मान बाहेर काढली. ते बीळ त्याच्या आजोबांनी खोदलेलं. तेवढंच तर होतं त्याचं. पण चहूकडे पंजे वर गेले. साळिंदरबाईने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याचाही पाय हळूच वर गेला.

"एकमताने मंजूर!"

मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. दगडोबाइतकं स्तब्ध कोणीच नव्हतं.

सूत्रसंचालन बगळ्याकडे होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आभार मानणारे ससेभाऊ निघून गेलेले दिसतात. अहो मागचे, तुम्ही रिकामेच आहात ना? या, आभार माना."

भोंगा दगडोबाच्या हाती आला. सगळं जंगल त्याच्याकडे पाहू लागलं. बोल बाबा, आता तरी बोल! नुसतं 'मी दगडोबा' म्हटलं असतं तरी बीळ वाचलं असतं.

दगडोबाने घसा खाकरला.

"सन्माननीय अध्यक्ष महाराज आणि उपस्थित बंधुभगिनींनो..."

एवढं तोंडातून निघालं आणि पुढचं आपोआप येत गेलं. त्याने अध्यक्षांचे आभार मानले. सतरंज्या घालणाऱ्या मुंग्यांचे मानले. बिळाची जबाबदारी मोठ्या मनाने स्वीकारल्याबद्दल घोरपडबाईंचे तर दोनदा मानले.

"नेटकं बोललात हो," बगळा म्हणाला. "मयताच्या नात्यातले का?"

"लांबचा," दगडोबा म्हणाला.

संध्याकाळी तो बिळापाशी गेला, तर आत घोरपडबाई शेपटीने झाडलोट करत होत्या. तो बाहेर उभा राहून खोकला.

"कोण आहे?"

"कोणी नाही, बाई. सभेला आलो होतो."

"मग सभा संपली की!" घोरपडबाई म्हणाल्या. दगडोबाने मान हलवली आणि तो काट्याकुट्यांतून चालू लागला.

तात्पर्य : सभेत आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावं, आणि पाळी आली की आभार मानावेत. जिवंत असणं ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. तिच्यापायी चारचौघांचा कार्यक्रम बिघडवू नये.