सुखी जोडप्यांना नवी स्थळं

त्रिशूरच्या रोसिली चेचीच्या, म्हणजे रोसिलीताईच्या, वधू-वर केंद्रातली सगळी स्थळं एका सर्व्हरच्या पोटात होती आणि तो सर्व्हर लैजूच्या हवाली होता. सोमवारी सकाळी लैजू म्हणाला, "चेची, डेटाबेसची नवी आवृत्ती आलीय. बारीकसारीक दुरुस्त्या आहेत. तुमचा चहा संपेपर्यंत होऊन जाईल."

"चालतंय ते बिघडवू नकोस, मोने," चेची लेकराला सांगावं तशी म्हणाली.

"बिघडू नये म्हणूनच करतोय."

चेचीने पळमपोरीचा, म्हणजे केळ्याच्या भज्याचा, घास घेतला. लैजूने सर्व्हर बंद केला, नवी आवृत्ती चढवली आणि पुन्हा सुरू केला. पडद्यावर एकही लाल अक्षर उमटलं नाही. स्वारी स्वतःवरच खूश झाली. एवढंच झालं होतं, की सर्व्हरने चालू माहितीचा फोल्डर सोडून शेजारचा उघडला होता. त्यात लैजूने सरावासाठी काढलेली दोन वर्षांपूर्वीची प्रत होती. केंद्राने त्यानंतर जमवलेली सगळी लग्नं त्या प्रतीत अजून व्हायची होती. आणि रोज सकाळी साजेशी स्थळं आपोआप लोकांच्या फोनवर जायची.

थोड्याच वेळात चेचीचा फोन वाजला. "माझ्या बायकोला तुम्ही नवरा पाठवलाय," एक गृहस्थ म्हणाले. "दातांचा डॉक्टर आहे. माझ्यापेक्षा उंच."

"चूक झाली, साहेब. दुर्लक्ष करा."

"मी करतोय हो. ती करत नाहीये."

पाठोपाठ ओल्लूरहून एका सासूबाईंचा फोन. "आमच्या मुलासाठी आलेली मुलगी बघायला कधी येऊ?"

"अहो, त्याचं लग्न मीच जमवलंय की."

"म्हणून तर विचारतेय."

कुन्नमकुळमचं एक जोडपं तर रिक्षा करून थेट दारात आलं. नवऱ्याला आलेली मुलगी त्याच्याच ऑफिसातली निघाली होती. बायकोचं म्हणणं, यंत्र उगाच कुणाचं नाव घेणार नाही.

लैजूने घाम पुसत योग्य फोल्डर जोडला आणि घाईघाईने नोंदीतल्या सगळ्यांना निरोप धाडला, 'सकाळी आलेलं स्थळ विसरून जावं.' पण आता नोंदीत आजची माणसं होती, म्हणजे अजून लग्न न झालेली. सकाळी त्यांना काहीच गेलं नव्हतं.

"कुठलं स्थळ विसरू?" एक जण रडवेल्या आवाजात म्हणाला. "मला अजून एकही आलेलं नाही."

चेचीने फोन पालथा ठेवला, चष्मा काढला आणि ती शांतपणे म्हणाली, "लैजू, तू घरी जा."

घरी त्याची बायको निम्मी टेबलाशी फोन घेऊन बसली होती. या दोघांचंही चेचीनेच जमवलं होतं.

"मलाही एक स्थळ आलंय," ती म्हणाली.

"विसर ते. जुनी प्रत आहे."

"ऐक तर. मुलगा कॉम्प्युटरवाला आहे. स्वभाव बोलका. घरकामात मदत करतो. स्वयंपाकाची विशेष आवड."

मजकूर लैजूच्या ओळखीचा होता. लग्नाआधी त्यानेच केंद्राला लिहून दिला होता.

"मग काय कळवलंस?"

"होकार. चेची म्हणाली, मुलगा घरीच यायला निघालाय. मासे ओट्यावर काढून ठेवलेत."

लैजू बाह्या दुमडून स्वयंपाकघरात गेला आणि जरा वेळाने तिथूनच त्याने विचारलं, "मीठ कुठल्या डब्यात असतं?"