परबतात्यांची रंगरुटी

पन्नाशी उलटलेल्या माणसाला चाळीच्या गॅलरीतून पोटावर सरपटत जाताना तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. काळाचौकीच्या आमच्या चाळीत सकाळी नळावर बायकांची रांग लागलेली, आणि शेजारचे सखाराम परब, म्हणजे आमचे तात्या, कोपरांवर सरकत त्यांच्या कळशांमधून वाट काढत होते. मी दार उघडलं, तर त्यांचं डोकं नेमकं माझ्या उंबऱ्याशी.

"मास्तर, पाय वर घ्या," ते खालूनच म्हणाले. "हुकूम म्हणजे हुकूम."

हुकूम कुठला, ते मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी मीच तो वाचून दाखवला होता. तात्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, अक्षरओळख नाही. बायको जाऊन दहा वर्षं झालेली. खोलीत ते आणि मुलगा वसंत. वसंत फौजेत भरती झाला आणि रंगरुटांच्या छावणीतून दर आठवड्याला पत्र येऊ लागलं. मी शेजारी आणि शाळामास्तर, म्हणून वाचन माझ्याकडे. वसंतने जे केल्याचं पत्रात लिहिलं असेल, ते दुसऱ्या दिवसापासून तात्या करत.

अंथरुणाची घडी पेटीसारखी चौकोनी लागते, असं त्यानं लिहिलं. तात्यांनी वाकळेची घडी घालून मला तपासायला बोलावलं. मी "छान" म्हटलं, तर नाराज झाले. "वसंताचो उस्ताद छान म्हणता काय? लाथ मारून उडवता. मारा!" मी मारली. मग समाधानाने त्यांनी पुन्हा घडी घातली.

बूट चावतात, असं पत्र आलं, तेव्हा जन्मभर अनवाणी गिरणीत गेलेला हा माणूस जुन्या बाजारातून दोन मण वजनाचे वाटावेत असे बूट घेऊन आला. चौथ्या दिवशी लंगडत माझ्याकडे आला आणि टाचेवरचा फोड दाखवून म्हणाला, "माकाव चावले!" पोराला बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा.

पुढच्या पत्रात पाठीवर वजन घेऊन धावणं आलं. तात्यांनी गोणपाटात आठ विटा भरल्या आणि पहाटे परळच्या दिशेने धाव ठोकली. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज मोर्चे, दगडफेक, लाठ्या. विटांची गोणी घेऊन पळणारा माणूस पोलीस सोडणार थोडेच! मला चौकीवर बोलावणं आलं.

"विटा कशाला?" हवालदार दरडावत होता.

"झिलाच्या पाठीर वजन आसा, म्हणान माझ्या पाठीर."

मी त्यांच्या मुलाचं पत्र पुढे केलं. हवालदाराने ते दोनदा वाचलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाबा, जा. विटा मात्र इथेच ठेवा."

"मग वजनाक दुसरा काय तरी द्या," तात्या म्हणाले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

परतताना मी जरा चिडूनच विचारलं, "तात्या, हे सगळं कशासाठी?"

त्यांनी रिकामी गोणी झटकून खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "काळोखात मोरीतसुद्धा जायचो नाय तो माझ्याशिवाय. सैन्यात जा म्हणान मीच पाठवलंय. येकट्यान कसा करूचा तेना?"

त्यानंतर मी एकदाही चिडलो नाही. घडीला लाथ मात्र नेमाने मारली.

शिक्षण संपलं. वसंतची पलटण सरहद्दीवर निघाली. दीड महिना पत्र नाही. तात्या रोज माझ्या दाराशी येत, जरा वेळ उभे राहत आणि परत जात. शेवटी एक पत्र आलं. "मी खुशाल आहे. इथलं काही लिहिता येत नाही. काळजी करू नये. जेवत जा."

तात्या जमिनीवर मांडी घालून, कान देऊन बसलेले. आता उद्या हा माणूस काय करणार, या विचाराने माझ्याच्याने राहवेना. मी पुढे वाचत राहिलो. थंडी फार, पण लोकरी कोट मिळालाय. सकाळी दोन मैल चालतो. रत्नागिरीकडचा एक सोबती आहे, रात्रीच्या पहाऱ्याला आम्ही दोघं मिळून असतो...

तात्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, उजेडात धरला आणि बोट खाली खाली सरकवलं.

"चार वळी आसत," ते हळूच म्हणाले. "तुमी धाएक तरी वाचलास."

मला मान वर करवेना. त्यांनी कागद पुन्हा माझ्या हातात ठेवला.

"थांबू नकात, मास्तर. त्या सोबत्याचा परत एकदा वाचा."