धाकाचा सण

“कलाबाई, अनशी ढाका! आधी अनशी ढाका, मग बाकीचं!”

लेआबाईंचा तो आवाज कलाबाईच्या कानात सहा वर्षांनंतरही जसाच्या तसा होता. कोकणातल्या विहिरीसारखा खोल, थंड आवाज. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे बेचाळीस साली, जपान्यांच्या बॉम्बच्या भीतीनं मुंबईची एक ज्यू शाळा उचलून पांढुर्ण्याला आली. कापसाच्या जिनवाल्या भगवंतरावांनी आपला रिकामा बंगला दिला. वरच्या मजल्यावर वर्ग, खाली वसतिगृह, मागं स्वयंपाकघर. साठेक पोरं आली, हेडमास्तर वाकरुळकर आले, वसतिगृह सांभाळणाऱ्या लेआबाई आल्या, आणि चुलीपाशी मोहगावची विधवा कलाबाई बसली.

पहिल्याच वर्षी त्यांचा तो मोठा सण आला. अनशी म्हणजे आंबवणाचं भांडं. ते झाकून आठ दिवस नजरेआड करायचं, घरात खमिराचा कण ठेवायचा नाही, म्हणून त्या कोकणी ज्यू मंडळींत त्याला अनशी ढाकायचा सण म्हणत. पण लेआबाई हे सांगत होत्या तेव्हा नेमकी इटारसीकडची गाडी शिट्टी घालत गेली. कलाबाईला ‘अनशी’ कळलंच नाही, आणि ‘ढाकायचा’चं तिच्या कानात ‘धाकाचा’ झालं. नंतर गहू निवडता निवडता लेआबाईंनी मिसर देशातल्या राजाची गोष्ट सांगितली. पाण्याचं रक्त झालं, मग बेडूक आले, मग उवा, मग माश्या, मग भरदिवसा अंधार, आणि शेवटी घरोघरचं थोरलं लेकरू गेलं. कलाबाईला वाटलं, घरात खमीर राहिलं की हेच सारं पुन्हा येतं, धाकाचा सण तो हाच, नाव अगदी बरोबर ठेवलं बाप्पा.

तिची थोरली जयवंता. धाकटं कोणी नव्हतंच.

म्हणून दरवर्षी ती लेआबाईंच्या मागं मागं फिरे, डब्यांचे कोपरे काडीनं उकरी, पोळीचा तुकडा दिसला की विंचू दिसल्यासारखी ओरडे. लेआबाई म्हणत, “अशी श्रद्धा आमच्यातल्या बायकांत नाही हो!” ती श्रद्धा नव्हती. भीती होती. पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

यंदा लेआबाई लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या होत्या. आणि यंदाच जयवंताचं लग्न होतं, अक्षयतृतीयेला, सौंसरच्या रघुनाथरावांच्या घरी. रघुनाथरावांच्या बायकोनं, देवकाबाईनं, साडी मागितली नाही की भांडी मागितली नाहीत. एवढंच म्हणाली, “रुखवतात कुरड्या पाह्यजे बाई. पांढऱ्याशुभ्र. आमच्यात कुरडीवरून माय कशी ते पाह्यतात.”

कुरड्यांना गहू तीन दिवस भिजवून आंबवावे लागतात. मग वाटून, पिळून, त्याचा चीक बसू द्यायचा. मोहगावच्या कौलारू घरात वाळवायला जागा नव्हती, शाळेला मात्र जिल्ह्यात नसेल अशी गच्ची होती. कलाबाईनं बोटांवर हिशोब केला. सण पुनवेला, पुनव शनिवारी. शुक्रवारी सकाळी कुरड्या घालू, संध्याकाळपर्यंत वाळतील, उचलून नेऊ. मागच्या पडवीत तिनं मोठं घंगाळ भरून गहू घातले.

त्या लोकांचा दिवस आदल्या सांजेलाच सुरू होतो आणि खमीर त्याही आधी, दुपारच्या आत, घराबाहेर जावं लागतं, हे दरवर्षी लेआबाईंच्या डोक्यात असायचं. कलाबाईला ते कळलं शुक्रवारी सकाळी, पडवीत घंगाळासमोर उकिडवी बसलेली असताना. समोर दुधासारखा पांढरा, आंबूस वासाचा चीक, आणि मागून हेडमास्तरांचा आवाज.

“कलाबाई, जरा बोलायचं होतं.”

तिच्या हातातली पळी घंगाळात पडली.

“आज दुपारपर्यंत सगळं खमीर बाहेर गेलं पाहिजे, ते एक,” हेडमास्तर म्हणाले. “आणि दुसरं...” ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला. “हे काय आहे?”

“खळ,” कलाबाई म्हणाली. शब्द तिनं काढला नव्हता, तो आपला आपणच निघाला होता. “कपड्याची खळ हाय सर. धोब्याची.”

“वा! नेमकी हवी होती. मेजावरच्या चादरी घाला हिच्यात. आणि माझा पांढरा कोट. आज कडक दिसला पाहिजे.”

“आन् दुसरं काय बोलनार होते?”

हेडमास्तरांनी एकदा घंगाळाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. “नंतर बोलू,” म्हणून ते निघून गेले.

कलाबाईनं घंगाळातली पळी काढून हातात धरली. याईनं वळखलं, तिच्या मनानं सांगितलं. वळखलं, पन सनासुदीचं बोलून नाई राह्यले.

आता चादरी खळीत न घालाव्या तर खोटं उघडं पडणार, आणि घालाव्या तर त्यांच्या देवाच्या ताटाखाली आंबलेल्या गव्हाचा लेप. तिनं चादरी घातल्या. कोट घातला. उरलेला चीक घाईघाईनं शिजवला आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर गेली. खाटांवर जुनी लुगडी पसरून ती कुरड्या घालू लागली. सवयीनं गळ्यातून ओवी आलीच.

“कुरडी घातली बाई, चांदन्याची जशी जाळी,
लेक माझी जयवंता, निघाली सासरच्या आळी...”

“गानं म्हनून राहिल्या का कलाबाई?” जिन्यातून शिपाई नत्थूजीचं डोकं वर आलं. “आन् हे काय? सनाच्या दिवशी कुरड्या?”

“हळू बोला ना! तुमच्या पाया पडतो.”

“माह्या काहून पाया पडता? याईच्या देवाच्या पडा.” नत्थूजीनं एक ओली कुरडी उचलून तोंडात टाकली. “मीठ बराबर हाय. मी नाई सांगत. पन खाली चला, टाक्याचं पानी लाल झालं. पोरं ओरडून राहिली.”

कलाबाईच्या हातातून सोऱ्या सुटला.

टाक्यातलं पाणी खरोखर लाल होतं. नत्थूजीनं सकाळी फाटकाला गेरू लावला होता आणि कुंचला टाक्यात धुतला होता. ते तो सांगतही होता. कलाबाईला ऐकू येत नव्हतं. ती मनात म्हणत होती, एक.

दुसरा बेडूक. रांजणाखालच्या गारव्याला तो उन्हाळाभर बसत असे, आज मात्र त्यानं तिच्याकडे पाहिलं. उवांसाठी लांब जायचं नव्हतं, दोन पोरी पायरीवर बसून एकमेकींच्या डोक्यातून काढतच होत्या. रोज काढत. आणि माश्या! पडवीत धुऊन पालथ्या घातलेल्या चिकाच्या घंगाळावरही माश्यांचा नुसता गलका होता.

“मधले काही सोडले देवानं,” ती पुटपुटली. “घाईत हाय तो.”

“कोन घाईत हाय?” नत्थूजीनं विचारलं.

“नत्थूजी, सौंसरची मोटार आली का हो?”

जयवंता बाराच्या मोटारीनं सासरच्यांकडून मापाचा चुडा घेऊन यायची होती. एक वाजून गेला होता.

“मोटार तं नाई आली बा,” नत्थूजी म्हणाला. “थे काय रेल हाय का टाइमावर याले?”

कलाबाई रस्त्याकडे पाहायला दाराशी धावली. तेवढ्यात दारात पुन्हा हेडमास्तर. “कलाबाई, मघाशी राहिलंच. मला तुम्हाला एक...”

“घंगाळ घासून टाकलं सर! धुऊन पालथं घातलं!”

“अहो, घंगाळाचं नाही...”

“काडी काडी पुसली सर! कोपरे पाहा तुमी!”

हेडमास्तर कपाळ पुसत परत गेले. जाताना त्यांचा उसासा तिनं ऐकला. त्या उसाशात तिला आपली नोकरी, लेकीचं लग्न आणि देवकाबाईचा वाकडा ओठ असं सगळं ऐकू आलं.

दोन वाजता चादरी वाळल्या. मेजावर घातल्या तर त्या खाली पडेनात, पत्र्यासारख्या चारी बाजूंनी आडव्याच ताठ राहिल्या. पोरं त्यांच्याखाली टकटक वाजवू लागली. आणि हेडमास्तर कोट घालून आले तेव्हा पोरांची टकटक थांबली. कोटाच्या बाह्या वाकत नव्हत्या. दोन्ही हात अंगापासून हातभर दूर, बुजगावण्यासारखे. चष्मा नाकावरून घसरला होता आणि तो वर सारायला हात तोंडापर्यंत पोचत नव्हता.

“खळ,” हेडमास्तर सावकाश म्हणाले, “जरा जास्त झाली.”

आणि त्याच क्षणी अंधार पडला.

चैत्र-वैशाखात तिकडे आंधी उठते तशी ती उठली. जिनातला कापूस, रस्त्याची माती, संत्र्याच्या बागांतला पाचोळा, सगळं आभाळात गेलं, आणि सूर्य जुन्या तांब्याच्या पैशासारखा दिसू लागला. दारं धाडधाड आपटली. पोरं किंचाळली. गच्चीवर खाट सरकल्याचा आवाज आला.

कलाबाईला कुरड्या आठवल्या नाहीत. अंधारानंतर काय असतं तेवढंच आठवलं. ती धावत आली आणि हेडमास्तरांच्या कडक बाहीला तिनं दोन्ही हातांनी धरलं.

“सर, माही जयवंता! तुमच्या देवाले सांगा, थोरलीले हात लावू नोको म्हना! थे खळ नव्हती सर. थो चीक होता. तीन दिवस आंबवलेल्या गव्हाचा चीक. चादरीले तोच, तुमच्या कोटाले तोच, आन् वर गच्चीभर कुरड्या हाय. मी खोटं बोलली. मले मारा म्हना, तिले नाई!”

हेडमास्तर एवढे दचकले की कोटाच्या काखेत टर्रकन आवाज झाला.

“कलाबाई,” ते म्हणाले, “ती गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. मिसरच्या फारो राजाची. तुम्ही फारो आहात का?”

“मी मोहगावची हाय,” ती हुंदके देत म्हणाली.

“मग झालं. त्या कुरड्या कुणाच्या? शाळेच्या की तुमच्या?”

“माह्या लेकीच्या रुखवताच्या.”

“म्हणजे आमच्या मालकीच्या नाहीत, मग दुपारची वेळ चुकली तरी चालेल. सूर्य मावळायला चार तास आहेत. तुम्ही कुरड्या घराबाहेर न्या, आम्ही चादरी धुतो. आणि मला आधी कुणीतरी या कोटातून काढा!”

नत्थूजीनं आणि तीन मास्तरांनी मिळून त्यांना कोटातून काढलं. आंधी ओसरली होती. वरच्या वर्गातली पोरं गच्चीवर गेली. दोन खाटा, चार लुगडी, वर धुळीनं किंचित तपकिरी झालेल्या कुरड्या. “धक्का नोका लावू रे, एकेक कुरडी मोजून घेनार हाय देवकाबाई!” असं ओरडत कलाबाई पुढं, आणि मागं खाटा उचलून ज्यू शाळेची पोरं, मुंबईच्या मराठीत “हळू, हळू” म्हणत. सारा बाजार दारात येऊन पाहू लागला. कुणाची तरी वरात निघाली असावी, असं म्हणून एक म्हातारा हात जोडून उभा राहिला.

कोपऱ्यावर सौंसरची मोटार येऊन थांबली. चाक पंक्चर झालं होतं. जयवंता धुळीनं माखून उतरली आणि खाटा पाहून म्हणाली, “माय, ह्या माह्या कुरड्या इतके लोकं काहून उचलून राहिले?”

कलाबाईनं भररस्त्यात तिला असं कवटाळलं की हातातला चुडा कडकड वाजला. खाटा नत्थूजीच्या अंगणात लागल्या, आणि जयवंताला तिथं राखणीला बसवून ती शाळेत परतली.

स्वयंपाकघराच्या पायरीवर हेडमास्तर बसले होते, नुसत्या बनियनवर, शेजारी धुतलेला कोट पाणी गाळत पडलेला. चादरी दोरीवर मऊ हलत होत्या. कलाबाई दहा पावलांवर थांबली, पदर सावरला.

“सर, आता मले काढून टाका. बराबर हाय ते. पन लगन झाल्यावर काढा, एवढंच सांगनं हाय.”

हेडमास्तर बसल्या जागी थोडे सरकले, जणू पायरीवर तिलाही बसायला जागा करत होते.

“तुम्हाला कोण काढणार,” ते म्हणाले. “कलाबाई, दोन महिने मी रोज या दारापर्यंत येतो आणि परत जातो. तुमच्या हातात कधी उलथनं, कधी पळी. माझा धीरच होत नाही. मुंबईहून पत्र आलंय. लढाई संपून तीन वर्षं झाली, बॉम्ब नाहीत, म्हणतात आणा सगळ्यांना परत. मे महिन्याच्या अखेरीस शाळा मुंबईला चाललीय, इथली चूल बंद होतेय, आणि हे तुम्हाला सांगायला मी घाबरत होतो.”