तापचान सरहद्दीपार आणिला त्याची हकीकत

साहेबांचे सेवेसी विनंती ऐसी जे, किरगिझ मुलूख डोंगरी, लहान, परंतु शिक्क्यांनी समृद्ध. तेथील कारा-तूत जकातनाक्यावर व्यापार कैसा सुधारला, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे.

जर्दाळूंचे दिवस. एर्गेश गाडीवान दोनशे पेट्या पिकले फळ घेऊन निघाले आणि नाक्यावर अडकले, कारण शिक्के सात, शिक्केदार सरदार सात आणि खोल्याही सात. एक सापडावा तों दुसरा जेवावयास जावा. ऐसे दोन दिवस गेले. मग त्यांनी दुय्यम कारकून बुरुलबाई यांजपाशी गाऱ्हाणे घातले. "एजे, ताई, उद्यापर्यंत सोडा. नाहीतर पलीकडे मुरंबाच न्यावा लागेल."

बाईंचे काळजास घरे पडली. मग त्यांनी मसलत केली की, ज्यांशी व्यापार त्यांचीच अक्कल घ्यावी, आणि पायी सरहद्दीपलीकडील उझबेकांचे नाक्यावर गेल्या. पाहतात तों तुतीखाली तापचान, म्हणजे गाद्या घातलेली ऐसपैस लाकडी बैठक. तीवर सारे शिक्केदार मांडी घालून चहा पितात, गाडी येते, शिक्के पडतात, गाडी जाते. बाई थक्क जाहल्या आणि त्यांचा जुना तापचान मागून, हातगाडीवर लादून, विजयी मुद्रेने परतल्या.

तों आपलेच नाक्यावर तापचान अडविला. परदेशी लाकूड, सात शिक्क्यांखेरीज जागचे हलवू नये, ऐसे फर्मान थोरले सरदार तोकोबाय यांनी काढिले. बाई मनातून जळफळल्या, परंतु जेथे अडविला तेथेच, एर्गेशचे गाडीपुढे, तो मांडिला, गाद्या अंथरिल्या, चहाची किटली ठेविली आणि सातांस वर्दी दिली की, तपासणीस यावे. मग पहिला आला, तापचानाचे पाय ठोकून पाहता पाहता टेकला, आणि दुसरा आला, तोही टेकला, मग नान मोडला, गप्पा रंगल्या आणि शेवटी खासे तोकोबाय येऊन, मजबुती बसल्यावाचून कळत नाही म्हणोन, लोडास रेलले.

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, सगळे बसलाच आहात, तर समोरची गाडीही बघून घ्या की."

तोकोबाय म्हणाले, "उठायला लावणार नसाल, तर आणा कागद."

चहा निवण्यापूर्वी साती शिक्के पडले. एर्गेश सुटले, मागील अकरा गाड्याही सुटल्या, आणि बाईंचे डोळे भरून आले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तापचानास सहा शिक्के मिळाले. सातवा तोकोबायांचा, तो बाकी, कारण तळ तपासणे आहे आणि ते उठत नाहीत. सबब तापचान तीन वर्षे तेथेच अटकेत आहे. बुरुलबाईंनी स्मरणपत्र पाठविलेले नाही.