रुमालाखालचं बिटकॉइन

२०२४ साल होतं आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर वय कमी लागलंय, पण ती चूक आधारवाल्यांची. मी काही दुरुस्त करायला जाणार नाही, ज्यानं चुकवलं त्यानं यावं. मी निदान वय तोंडानं सांगतो तरी. आमच्या शेजारच्या गेनबाआप्पाला विचारून बघा. तो खांद्यावरचा मोठा रुमाल काढील, तुमचा हात त्याखाली ओढील आणि तुमची बोटं दाबील. कळलं तर कळलं. आप्पा तोंडानं आकडा बोलत नाही.

उभा जन्म त्यानं मिरजगावच्या बाजारात बैलांची दलाली केली. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटांनी होतो. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. ते पाच शेकडे की पाच हजार, हे बैलाकडं बघून समजायचं. आणि रुमालाखाली हात गेले की जवळच्या तिसऱ्या माणसानं पाठ करून उभं राहायचं, हा बाजाराचा कायदा. मी तो कधी पाळला नाही. मी कुणाच्या बापाला पाठ दाखवत नाही. वाकून बघतोच.

दलाली सुटून वर्षं झाली, पण आप्पाची खोड सुटली नाही. डॉक्टरनं विचारलं, "दिवसातून किती वेळा जाता?" की रुमाल. मेथीची जुडी कितीला? रुमाल. एकदा एसटीत "तिकिटं किती?" म्हणून आवाज आला आणि आप्पानं सवयीनं रुमाल टाकून हात धरला. कंडक्टर बाई होती. पुढं काय झालं ते आप्पा सांगत नाही, पण त्या दिवशी तो मिरजगावला चालत आला.

मुलगा चाकणला कंपनीत, म्हातारी वारलेली. घरात आप्पा आणि एक शेळी. नात शीतल बेंगळुरूला संगणकावर काम करते. ही लहानपणी आप्पाच्या रुमालाखाली हात घालूनच आकडे शिकली. लोकांची पोरं पहिल्या पगारातून म्हाताऱ्याला धोतरजोडी आणतात. हिनं आप्पाच्या मोबाईलात बिटकॉइनचा तुकडा घेऊन ठेवला.

मी मोबाईल उलटा करून पाहिला. "कुठाय?"

"आत हाय," आप्पा म्हणाला.

"हालवल्यावर वाजत न्हाई."

"रामभाऊ, तुझं डोकं तरी हालवल्यावर कुठं वाजतं?"

तेव्हापासून रोज सकाळी शीतलचा फोन. "आप्पा, आज किती?" आप्पा आकडा बोलणार नाही, म्हणून तो फोनवर नखानं टिचक्या मारायचा. दहा हजाराला एक टिचकी. भाव तर तिच्या मोबाईलातही दिसत असणार, मग विचारते कशाला, हे मला कळायचं नाही. मी म्हणायचो, शिकलेली पोरं आळशी.

फोन कायम स्पीकरवर, कारण आप्पाचे कान गेलेले. जवळ जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडावं तेव्हा त्याला ऐकू यायचं. फोनमधलं तर काहीच नाही, नुसती घरघर. आमच्या अख्ख्या आळीला शीतल ऐकू यायची, एकट्या आप्पाला सोडून. ती शेवटी रोज विचारायची, "रात्री जेवला का? किती भाकरी?" आप्पाला वाटायचं, पुन्हा भावच विचारतेय. तो पुन्हा तेवढ्याच टिचक्या मारायचा. "अगं बाई, सात भाकरी!" म्हणून ती हसायची. बाजार चढला तसा आप्पाचा आहारही चढला. एका आठवड्यात तो एकदम बारा भाकऱ्यांवर गेला. आळीतल्या बायका पदर तोंडात धरून घरात पळायच्या.

मी एकदा म्हणालो, "तिला सांग की, ऐकू येत न्हाई म्हणून."

आप्पा असा भडकला! "खबरदार तिला बोललास तर! माझ्या कानाला काय झालंय?"

आणि पुढच्याच महिन्यात मला म्हणतो, "रामभाऊ, नाणं मोडायचं. कानाचं मशीन घ्यायचं. ह्या बी कानाला, अन त्या बी."

"जन्मभर मुक्यानं सौदे केले," मी म्हणालो, "आता कान कशाला पायजे?"

"रस्त्यावर टेम्पो मागनं येतो. हारन कळत न्हाई."

मला ते पटलं नाही. आप्पा ओट्यावरून उठतो कधी, की टेम्पो मागनं येईल? पण मी गेलो बरोबर. कर्जतला टॅक्सची कामं बघणारे एक गदादे साहेब आहेत, त्यांच्या ऑफिसात. ऑफिस रस्त्याला लागून, वरच्या मजल्यावर, खिडक्या उघड्या.

साहेब सभ्य माणूस. हळू आवाजात सांगू लागले. आप्पा म्हणाला, "आं?" मग साहेबांना ओरडावं लागलं आणि आप्पाचा सगळा व्यवहार कर्जतच्या रस्त्याला कळला. खालचा रसवाला चरक थांबवून ऐकत होता.

"आप्पा, ॲपवर विकलं की ॲपवाले त्यांची फी घेणार!"

"दलाली. द्यायची. दलालाला बी प्वाट हाय."

"त्या फीवर जीएसटी!"

आप्पा उठून उभा राहिला. "दलालीवर कर? आमी एवढी वर्सं दलाली केली, कुनाची छाती न्हाई झाली कर लावायची!"

मी त्याला धोतर ओढून खाली बसवला.

"विकतानाच एक टक्का कापून सरकारकडं जमा होतो. तो नंतर टॅक्समध्ये वळता करून मिळतो."

"म्हंजे इसार. असं सरळ सांगावं की."

"आणि नफ्यावर तीस टक्के टॅक्स!"

आप्पानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या कानात तेच पुन्हा ओरडलो.

"तीस?" असं तो म्हणाला नाही, कारण आकडा तो बोलत नाही. तो म्हणाला, "बैल मी चारला, शेण मी काढलं, अन मागचा पाय सरकारचा?"

"वर त्या टॅक्सवर थोडा सेस."

"शेपूट बी न्या!"

"माझं दुसरं काय उत्पन्नच न्हाई, तरी?" आप्पानं विचारलं. साहेब म्हणाले, तरीही तेवढाच. आप्पाला एक आशा उरली होती. गावातल्या कुणाच्या तरी नादानं त्यानं कुत्र्याचं तोंड असलेलं एक दुसरं नाणं घेतलं होतं आणि ते पार बुडालं होतं. ते या नफ्यातून वजा करा म्हणाला. साहेबांनी मान हलवली. या धंद्यात एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

"मेलेलं वासरू धरायचं न्हाई, अन जितं तेवढं मोजायचं! बरं हाय." असं म्हणून आप्पानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि काही कळायच्या आत साहेबांच्या हातावर टाकला.

मी वाकून बघितलं. आप्पानं साहेबांची दोन बोटं धरली. म्हणजे वीस टक्के. साहेब दचकले. त्यांना वाटलं, म्हातारा हात मोडतो. त्यांनी हात सोडवायला सगळी बोटं फाकवली आणि पंजाच आप्पाच्या मुठीत आला, म्हणजे पन्नास.

आप्पाचा चेहरा पांढरा पडला. "रामभाऊ, मानूस पक्का हाय! आख्खा पंजा मागतोय!"

"अहो आप्पा, हात सोडा! कायद्यानं तीसच आहे! तीसच भरा!"

आप्पा हात सोडीना. अडीच बोटं धरून बघितली. साहेब ओरडले, "तीस! तीस! तीस!" खाली रसवाल्यानं एका गिऱ्हाइकाला चुकून तीस रुपये परत दिले. मग आप्पानं तीन बोटं दाबली, रुमाल झटकला आणि मिशीवर हात फिरवला.

"पंज्यावरनं खाली आनला," जिन्यात तो मला म्हणाला. "आपला हात आजून गेला न्हाई."

पुढच्या खेपेला साहेबांकडंच विकायला गेलो, तिथं पुन्हा अडलं. साहेबांनी ॲप उघडलं, म्हणाले, दाबा बटण. आप्पा विचारतो, "घेनारा कोन?" कुणीतरी असेल, दिसत नाही. "त्वांड न्हाई, हात न्हाई, मग रुमाल कुनावर टाकू?" शेवटी त्यानं मोबाईलवरच रुमाल टाकला आणि खालून बोट दाबलं. सौदा झाला.

पण सगळं विकलं नाही. एक कणभर मागं ठेवलं. साहेब म्हणाले, "आप्पा, एवढ्याशाचा चहा येईल. ते कशाला ठेवता?"

"जनावर द्यायचं, दावं द्यायचं न्हाई," आप्पा म्हणाला.

हे मात्र खरं आहे. आमच्याकडं बैल विकला तरी त्याचं दावं धनी परत नेतो. नाहीतर दावण रिकामी राहते म्हणतात. मी म्हटलं, बैलाचं ठीक, बिटकॉइनला कसलं दावं? पण माझ्यापेक्षा हट्टी माणूस कर्जत तालुक्यात तो एकच.

टॅक्सचे पैसे बाजूला काढल्यावर मशीन एकाच कानाचं निघालं. नगरला दुकानातल्या बाईनं विचारलं, कोणत्या कानाला बसवू? टेम्पो उजवीकडून येतो की डावीकडून, हे मी मनात ठरवत होतो. आप्पा पटकन म्हणाला, "मोबाईलच्या."

मग माझ्या चौथी नापास डोक्यात थोडा उजेड पडला. येताना एसटीत मी त्याला खिडकीची जागा दिली. तो बाहेर बघत बसला. हॉर्न वाजला की दचकायचा आणि गालात हसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवून थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. आप्पा फोन मांडीवर घेऊन तयारच होता, शेळी त्याच्या धोतराचा सोगा चघळत होती. फोन वाजला.

"आप्पा, आज किती?"

आप्पानं टिचकी मारली नाही. उरलेलं होतंच केवढं? त्यानं फोनवर नख नुसतं घासलं. खर्र.

पलीकडं शीतल खळखळून हसली. "दावं ठेवलंय व्हय?" आणि मग रोजच्यासारखं, उत्तराची वाट न बघितल्यासारखं, म्हणाली, "रात्री जेवला का? किती भाकरी?"

आप्पाचं बोट सवयीनं वर गेलं आणि तसंच राहिलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, शेळीकडं बघितलं. घसा खाकरला.

"एक," तो म्हणाला. तोंडानं. "ती बी आर्धी ह्या रांडंनं खाल्ली."

फोनमध्ये काहीतरी धाडकन पडलं. मला वाटलं, तिचा मोबाईल फुटला.

मग ती हळूच म्हणाली, "आप्पा… ऐकू आलं तुमाला?"

आप्पानं फोन दोन्ही हातांत धरून मशीनच्या कानाला लावला आणि वरून रुमाल ओढून घेतला, डोक्यासकट.

मी उठलो, पाठ केली आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. शेळी वाकून बघत होती. तिचंही दावं धरून तोंड फिरवलं.