आप्पा मापाड्याची तपासणी

"सायकलची चावी इकडं द्या, आप्पा. द्या म्हणतो ना."

"ये, घे. हात लावून दाखव."

रविराज काय हात लावीना. बाप चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण मूठ अजून अडकित्त्यासारखी. चावी त्या मुठीत अन् मूठ बंडीच्या खिशात.

भांडण कशावरून, तर गुरुवारी हिरामण आप्पा पंचवटीत वाळू न्हाव्याकडं दाढीला गेले. जाताना सायकलवर, येताना पायी. घरी येऊन बघतात तर दारात सायकल नाय! मग गल्लीत असा दंगा घातला की कावळे उडाले. समोरच्या भाडेकरूची कॉलरसुद्धा धरून झाली. संध्याकाळी वाळूच सायकल ढकलत घेऊन आला. म्हणला, आप्पा, ही माझ्या दुकानाला टेकून दिवसभर झोपली होती.

रविराज ओझरच्या कारखान्यात कामाला. रोज हायवेनं जायचा, ट्रकवाले कसे चालवतात ते त्याला माहीत. त्याचं म्हणणं एवढंच, की डोक्याचा भरोसा नसंल तर पायडल मारू नये. आप्पांचं म्हणणं त्याहून सोपं होतं. सायकल गेली की माणूस खाटेवर जातो, अन् खाटेवर गेलेल्याला पुढं खांदेकरीच उचलतात.

शेवटी नवसाबाईनं, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, तोड काढली. रविवारी मंडळाच्या मांडवात म्हाताऱ्या माणसांची फुकट तपासणी होती. डॉक्टर म्हणंल ते दोघांनी ऐकायचं. आप्पा लगेच तयार. म्हणले, जाऊ की, डॉक्टरचंच डोकं तपासून येतो.

रविवारी बायकोला कॅरेजवर बसवून आप्पा रुबाबात मांडवात हजर झाले. रविराज मागून रिक्षानं.

डॉक्टर कोवळा होता, नुकतीच मिसरूड फुटल्यासारखा. त्यानं आधी सगळ्यांना समजावलं की पाय अन् डोकं काय वेगळे राहत नाहीत. चालता चालता मोजायला सांगितलं अन् माणूस अडखळला, तर दोन्हीकडं लक्ष द्यायला पाहिजे. जमिनीवर खडूची रेघ मारलेली. तिच्यावरून चालायचं अन् एकपासून मोजायचं.

आप्पा रेघेवर उभे राहिले. म्हणले, "लाभ."

"एकपासून मोजा, बाबा."

"लाभ."

आता आप्पांनी सगळी उमर धान्य बाजारात माप ओतण्यात घातलेली. मापाड्याच्या तोंडात एक हा आकडाच नसतो. पहिलं माप लाभाचं, मग दोन. अन् पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा घोकत राहायचा, म्हणजे हुकत नाय. डॉक्टरला हे कोण सांगणार?

आप्पांनी पाय उचलला. "दोन, दोन, दोन, दोन..." पाय टेकला. "तीन, तीन, तीन..." डॉक्टरला वाटलं कॅसेट अडकली. त्यानं मधेच विचारलं की घरी कोण कोण असतं. आप्पांनी असे डोळे वटारले की नर्स मागं सरकली. आवाज चढवून म्हणले, "सात, सात, सात!" माप चालू असताना जो बोलायला येतो तो एक माप खायलाच येतो, हे बाजारात शेंबड्या पोरालाबी कळतं.

डॉक्टरनं त्यांना खुर्चीवर बसवलं अन् बसून मोजायला लावलं. तिथं तर आप्पा लाभाच्या पुढं सरकेनात. हात रिकामे, पाय लोंबकळते, आकडा ठेवायचा कुठं? घाम फुटला. डॉक्टर रविराजकडं बघून हळूच मान हलवायला लागला. रविराजनं हात पुढं केला. आप्पांनी खिशातून चावी काढली. ती मूठ ढिली पडलेली रविराजनं जन्मात पहिल्यांदा बघितली.

तेवढ्यात नवसाबाई उठली. "रिकाम्या हातानं काय मोजायला लावता त्यांना? माप द्या हातात."

मांडवाच्या मागं मंगळू आचारी सगळ्यांसाठी खिचडी टाकत होता. पाण्याला उकळी आलेली, शेजारी तांदळाचं पोतं. नवसाबाईनं मंगळूचा डबा आप्पांच्या हातात कोंबला. मंगळू म्हणला, आठ डबे टाका, बास.

अन् आप्पा सुरू झाले. पोत्यापासून पातेल्यापर्यंत असे झपाझप, जसा काय लग्नातला वाढपी. लाभ, दोन, तीन, एक आकडा हुकला नाय, एक दाणा सांडला नाय. डॉक्टर बघतच राहिला. आठ झाले. आप्पांनी नववा भरला. मंगळू म्हणला, आप्पा, बास. आप्पा म्हणले, "नऊ, नऊ, नऊ." मंगळूनं हात धरला, आप्पांनी झटकला. आडवा येतो म्हणजे नक्की माप खाणार! अर्धं पोतं सोडून मापाडी उठत नसतो. पोतं उलटं करून झटकलं, तेव्हाच आप्पा थांबले अन् शेवटचा आकडा खणखणीत सांगितला.

खिचडी फुगली. पातेल्याच्या वर आली, झाकण उचलून बाहेर बघायला लागली. बादल्या भरल्या, परात भरली, डॉक्टरचं हात धुवायचं घमेलंपण गेलं. मंगळू डोक्याला हात लावून बसला. मंडळवाले म्हणले, कोणी रिकाम्या हातानं जायचं नाय, डबा भरून न्या.

डॉक्टर मात्र हसत होता. रविराजला म्हणला, "यांचं डोकं हातापायांबरोबर चालतं. बसवलंत की बंद पडेल. सायकल राहू द्या."

रविराजनं गुमान चावी परत दिली. नवसाबाई म्हणली, थांबा जरा, मी डबा भरून आणते. आप्पा हो म्हणले, सायकलवर टांग टाकली अन् सुटले.

थांबले ते थेट वाळूच्या दुकानाशी. सायकल भिंतीला टेकवली, खुर्चीत बसले अन् तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. डॉक्टर कसा गार पडला, रविराजचं तोंड कसं एवढंसं झालं. "डोकं एकदम खणखणीत हाय म्हणला तो. तुझ्यापेक्षा बरं."

वाळूनं वस्तऱ्याला धार लावत सहज विचारलं, "अन् काकू काय म्हणल्या?"

आप्पांनी एकदा दाराबाहेर रिकाम्या कॅरेजकडं बघितलं. मग गळ्याभोवतीचा टॉवेल ओढून काढला.

"मला निघायला पायजे आता," म्हणले, अन् मांडवाच्या दिशेनं तरातरा निघाले. पायीच.